मागी दुसऱ्या वाटेनं गेले

प्रिय भारत,

सलाम आणि जयभीम. तुझं पत्र परवा मिळालं. दूध संस्थेच्या पन्नासाव्या वर्धापनदिनाला येणं जमणार नाही, हे तू एका ओळीत लिहिलंस. शुभेच्छा दुसऱ्या ओळीत. आणि मग बापाविषयीची ती तिसरी ओळ, जी तू बहुधा खोडणार होतास आणि खोडली नाहीस: 'अण्णांनी ज्या कुणासाठी जन्मभर तोंड मिटून घेतलं, त्यानंच आता त्यांच्या गळ्यात हार घालावा.' मी तुला पाचवीपासून सातवीपर्यंत मराठी शिकवलं. तुझं वाक्य कुठं दुखतंय ते मला अजून कळतं. या ओळीचं उत्तर दोन वाक्यांतही देता येईल, पण तसं दिलं तर ते तुला पुरायचं नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते. चहा घेऊन बस.

बहात्तरच्या दुष्काळात तू नऊ वर्षांचा होतास. तुला घरातलं आठवत असेल. मी कामावरचं सांगते. नेकनूरच्या पुढं, डोंगराच्या कडेला पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. आमच्या वाडीतले आणि तुमच्या वस्तीतले बहुतेक बाप्ये ऊस तोडायला लांब कारखान्यांवर गेले होते. मागं राहिल्या बाया, म्हातारे आणि लेकरं. बाया दिवसभर खडी फोडायच्या. तुझे अण्णा सातवी शिकलेले, म्हणून ते हजेरी घ्यायचे. मी एकोणीस वर्षांची. वसतिगृहात पाणी नाही म्हणून शिक्षिकेचं शिक्षण अर्ध्यात सोडून घरी आलेली. कामावरच्या लेकरांना सुकडी वाटायचं काम मला मिळालं होतं. माझे वडील, पंडित मास्तर, वाडीतल्या पंधरा ख्रिस्ती घरांचे उपदेशक. आमची घरं आणि पत्र्याचं देऊळ, म्हणजे आमचं चर्च, ज्या जागेवर उभं होतं ती जागा बबनरावांच्या वडलांनी नुसत्या तोंडी शब्दावर दिलेली. कागद काहीच नव्हता. बबनराव म्हणजे गावच्या सोसायटीचे चेअरमन, शाळा चालवणाऱ्या मंडळाचेही चेअरमन, आणि ओढ्याकाठच्या मोसंबीच्या बागेचे मालक.

कामावरच्या माणसांसाठी रोज एक टँकर यायचा असं ठरलेलं होतं. तो आठवड्यातून दोनदा यायचा. बाकीचे दिवस तो बबनरावांच्या बागेत, मोसंबीच्या आळ्यांत रिता व्हायचा. बाया नाल्यातल्या खड्ड्याचं गढूळ पाणी पदरातून गाळून प्यायच्या आणि तेच लेकरांना पाजायच्या. नोव्हेंबरात तुळजाबाईचा नातू हगवणीनं गेला. चार महिन्यांचा होता. तुळजाबाई सुईण; कामावरच्या निम्म्या लेकरांची नाळ तिनं कापलेली. नातवाला पुरून ती दुसऱ्या दिवशी कामावर आली आणि हातोडी हातात घेऊन म्हणाली, "पाऊस न्हाई पडला ते देवाकडं. टँकर कुठं जातोय ते देवाकडं न्हाई." त्याच आठवड्यात बीडला पाठवायचा एक अर्ज लिहिला गेला. खाली एकशे चौदा अंगठे, गोल रिंगणात उठवलेले, म्हणजे पहिला कुणाचा ते कळू नये. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. पाकीट तुळजाबाईनं बंद करून दिलं आणि तुझ्या अण्णांनी ते नेकनूरच्या टपालपेटीत टाकलं.

आता नाताळचं ऐक. बाबा दरवर्षी देवळापुढं ख्रिस्तजन्माचं नाटक करायचे. त्या वर्षी मेंढपाळ मिळाले, मरिया मिळाली, योसेफाला दाढी चिकटवली, पण मागी, म्हणजे बाळाला नजराणे घेऊन येणारे, ज्यांना सगळे पूर्वेकडचे राजे म्हणतात, ते मिळेनात. आमच्याकडचे तिन्ही मागी ऊसतोडीला गेले होते. बाबा म्हणाले, "यंदा राजे गाळू." मी म्हणाले, "गाळायचे कशाला? शुभवर्तमानात ते राजे आहेत असं कुठं लिहिलंय? तीन होते असंही नाही लिहिलेलं. नजराणे तीन, म्हणून आपण माणसं तीन धरली." बाबा पेटीकडं बोट दाखवून म्हणाले, "आपल्याकडं मुकुट तीनच आहेत." विनोद केला असं त्यांना वाटलं नव्हतं. पण मी मागं लागले. ते आपल्या लोकांतले नव्हतेच मुळी. परक्या मुलखातले, परक्या धर्माचे, आभाळ वाचणारे शहाणे लोक होते. मग ते वाडीबाहेरचे का असू नयेत? बाबा दोन दिवस शुभवर्तमान उघडून बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "शास्त्रानं त्यांना आत घेतलं, तर मी कोण बाहेर ठेवणारा? बोलाव."

मी तिघांना बोलावलं. तुझे अण्णा, तुळजाबाई आणि गहिनीनाथ. गहिनीनाथ तुला आठवत असेल, खांद्यावर घोंगडं, मागं मेंढरं. दुष्काळात कळप मेला तेव्हा तोही खडीवर आला. त्याच्याइतकं आभाळ आमच्यात कुणाला कळत नव्हतं. तालमी काम सुटल्यावर, सूर्य मावळायच्या आधी, देवळाच्या ओट्यावर व्हायच्या. पहिल्याच दिवशी तुळजाबाईनं विचारलं, "मागी म्हंजे? मागाया आलेले का?" बाबा हसले. म्हणाले, "नाही तुळजाबाई, द्यायला आलेले." ती म्हणाली, "मागायचं न्हाई, तर येवढ्या लांब कावून आले? नवस हुता का?" बाबांनी सांगितलं, नवस नाही, कुणी बोलावलं नाही, त्यांनी एक नवा तारा पाहिला, एवढंच. यावर गहिनीनाथ म्हणाला, "मग बराबर हाय. दोन-अडीच वर्सामागं पहाटं शेंडीचा तारा उगवलता. मी तेच्या मागं मेंढरं घेऊन तीन दिवस गेलतो. बायकू आडवी आली म्हणून माघारी आलो. ज्याला दिसलं त्याला घरी बसवत न्हाई, मास्तर. त्यात देवाधर्माचं काई न्हाई." बाबांनी इतकी वर्षं मागींवर प्रवचनं केली होती. त्यांना हे कधी सुचलं नव्हतं. ते वहीत लिहून घ्यायला लागले.

अडलं ते तुझ्या अण्णांपाशी. बाळापुढं गुडघे टेकायची वेळ आली तेव्हा ते ताठ उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, आमी छप्पन साली देवापुढं वाकायचं सोडलं. नाटकातबी न्हाई जमणार." बाबांना ते पटलं, पण मग मागी करायचे काय हे त्यांना सुचेना. बाळाच्या जागी आम्ही चिंध्यांचं गाठोडं ठेवलं होतं. तुळजाबाई उठली, गाठोडं उचललं, नीट छातीशी धरलं आणि म्हणाली, "शहादेव, देव म्हणून नगं वाकू. लेकरू हाय. लेकराचं त्वांड बघाया माणूस वाकतंच की." आणि अण्णा वाकले.

पण खरा प्रश्न तिनं त्यानंतर विचारला, आणि तो प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. बाबांनी पुढची गोष्ट सांगितली: मागींनी हेरोद राजाकडं जाऊन विचारलं, नवा राजा कुठं जन्मला? हेरोद घाबरला. गोड बोलून म्हणाला, शोध घ्या आणि मला कळवा, मलाही त्याला वंदन करायचं आहे. मागींना बाळ सापडलं, स्वप्नात इशारा मिळाला, ते हेरोदाकडं न जाता दुसऱ्या वाटेनं आपल्या मुलखात गेले. मग चिडून हेरोदानं बेथलेहेमातली तान्ही लेकरं मारली. तुळजाबाई म्हणाली, "शाणे ना ते? तारे वळखणारे? मग राजाला कावून इचारलं? तेंच्या इचारण्यापायी लेकरं मेली की, मास्तर." बाबा वहीची पानं उलटू लागले. उत्तर तुझ्या अण्णांनी दिलं. म्हणाले, "इचारलं ही चूकच झाली. मोठ्या माणसाला इचारलं की काम होतं असं शिकलेल्या माणसाला वाटतं. आपल्यालाबी वाटलंच की. पण चूक कळल्यावर ते तेच्या दारात परत न्हाई गेले. सोनंनाणं कुनीबी दील. नाव न्हाई दिलं, ते खरं देणं."

हे ते बोलले तेव्हा आमचा अर्ज वरच्या कुठल्याशा टेबलावरून फिरत फिरत बबनरावांच्या हाती पोचला होता. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. नाताळच्या आधी तीन दिवस बबनराव जीपमधून कामावर उतरले. हातात तो कागद. रागाचं नाव नाही. अण्णांना बाजूला घेतलं, पण आवाज सगळ्यांना ऐकू यावा असाच होता. "शहादेव, अक्षर बघ. मोत्याचा दाणा. असं मानूस आपल्या सोसायटीत पायजे. नाव सांग, मी स्वतः सत्कार करतो." मग आवाज उतरवून म्हणाले, "पाटबंधाऱ्यात कायमची जागा हाय. तुझं नाव वर धाडलंय. नाताळच्या आदल्या दिवशी मळ्यावर ये, हे एक नाव सांग आन् हुकूम घेऊन जा." मी सुकडीच्या पातेल्यामागं उभी होते. लेकरांची यादी मी पातेल्याखाली सरकवली. अण्णांनी कागद निरखून पाहिला, परत दिला आणि म्हणाले, "बघतो."

ते मळ्यावर गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना ते, गहिनीनाथ आणि तुळजाबाई वाडीतून निघाले. मांजरसुंब्याच्या फाट्यावर बबनरावांची माणसं असायची, म्हणून गहिनीनाथानं त्यांना मेंढरांच्या वाटेनं डोंगरातून नेलं. ते थेट पालीला, बिंदुसरेच्या धरणापाशी उतरले. धरणाचा तळ भेगाळला होता, त्यातून चालत गेले. पालीत गहिनीनाथाच्या मेहुण्याकडं मुक्काम केला आणि सकाळी बीड गाठलं. रविवार होता, कचेऱ्या बंद. विचारत विचारत ते एका साहेबाच्या बंगल्याच्या फाटकाबाहेर जाऊन बसले. शिपायानं दोनदा उठवलं, ते दोनदा पुन्हा बसले. संध्याकाळी साहेबांची गाडी आली. कोवळा पोरगा होता तो अधिकारी, नुकताच रुजू झालेला. तुळजाबाईनं पिशवीतून बाटली काढली. खड्ड्यातल्या पाण्याची. ती त्याच्या गाडीवर ठेवून म्हणाली, "साहेब, आमाला काई नगं. तुमी फकस्त येक घोट घ्या." त्यानं बाटली उन्हाकडं धरली, बराच वेळ पाहिली. प्याला नाही. रिंगणातले अंगठे कुणाचे, अर्ज कुणी लिहिला, यातलं एक अक्षर विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "उद्या मी येतो. तुम्ही माझ्याबरोबर या." हे सगळं तुळजाबाईनं मला पुढं इतक्यांदा सांगितलं की मी स्वतः तिथं होते असं वाटतं.

इकडं नाताळ उजाडला. मागींचा पत्ता नाही. दुपारी नाटक, पुढच्या खुर्चीवर बबनराव, कारण खुर्च्या सोसायटीच्या. आदल्या दिवशी मळ्यावर अण्णा आले नाहीत हे त्यांच्या कपाळावर दिसत होतं. कामावरच्या सगळ्या बाया पोराबाळांसकट जमिनीवर बसलेल्या. नाटक सुरू झालं. मरिया-योसेफाला गोठा मिळाला, मेंढपाळ येऊन गेले, आणि हेरोदाचा दरबार भरला. हेरोद म्हणजे आमचे बाबा, पुठ्ठ्याचा मुकुट घातलेले. मागी आले नाहीत तर हेरोदानं करायचं काय? बाबा म्हणाले, "प्रधानजी, पूर्वेकडून कुणी येताना दिसतंय का?" प्रधान म्हणाला, "नाही महाराज." मग बाबांनी राज्यकारभार केला. पीकपाण्याची चौकशी केली. प्रधानाला दोनदा शिक्षा सुनावून माफ केलं. बाया हसून हसून लवंडायला लागल्या आणि मी पडद्यामागून रस्त्याकडं बघत होते.

आणि मग धूळ दिसली. पूर्वेकडून नाही, पश्चिमेकडून, बीडच्या रस्त्यानं. पुढं जीप, मागं टँकर, गच्च भरलेला, वळणावर वरच्या झाकणातून पाणी उसळत होतं. टँकरच्या टपावर तिघं बसलेले, धुळीनं पांढरे, एकमेकांना धरून. बाबांनी मुकुटासकट हात वर केला आणि हेरोदाच्या आवाजात नाही, आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणाले, "मागी आले." सगळं माळरान उठलं, भारत. घागरी, डबे, ताटं, जे हाती येईल ते घेऊन बाया धावल्या. तुझी आई मी पहिल्यांदा तशी पाहिली, पदर खोचून, तोंडावर पाणी मारून मोठ्यानं हसताना. तो तरुण साहेब खाली उतरला आणि सगळ्यांदेखत बबनरावांना म्हणाला, की उद्यापासून टँकरबरोबर माझा माणूस येईल आणि कामावर पाणी वाटून झाल्याची सही तुळजाबाईच्या अंगठ्यानं होईल. बबनराव हुशार. त्यांनी आपल्या गळ्यातला हार साहेबांच्या गळ्यात घातला. पण बायांनी टाळ्या वाजवल्या त्या टँकरला. मग नाटक पुढं सुरू झालं. मुकुट कुणी घातलेच नाहीत. अण्णांचे तळपाय फुटले होते. ते लंगडत गोठ्याशी आले, आणि त्या दिवशी गाठोड्याच्या जागी खरं लेकरू होतं, कामावरच्या एकीचं. ते वाकले, त्याला ओंजळीतून पाणी पाजलं. नजराणा तोच. बाबा रडत होते, हेरोदाचा मुकुट डोक्यावर तसाच. त्या कामावर त्यानंतर एकही लेकरू हगवणीनं गेलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे, निदान एका बाजूनं. आठवड्यानं अण्णांची हजेरीची वही काढून घेतली. कारण दिलं: तीन दिवस न सांगता गैरहजर. त्यांनी हातोडी घेतली आणि बायांच्या रांगेत खडी फोडायला बसले. पगार गेला, तुझी शाळा सुटली, तुझं चौथीचं वर्ष त्यात गेलं. बबनरावांनी फेब्रुवारीत पुन्हा निरोप धाडला: नाव सांग, वहीही परत घे, जागाही घे. तुझी आई म्हणाली, सांगून टाका. तू दाराशी होतास, ते तू ऐकलंस, आणि तेवढं एकच वाक्य तू साठ वर्षांचा होईपर्यंत जवळ ठेवलंस. अण्णा काय म्हणाले ते मात्र विसरलास. तुझ्या आईनं मला सांगितलं होतं. ते म्हणाले, "नोकरी माझी जाईल. तिकडं पंधरा घरं जातील."

दुष्काळ सरल्यावर दुसऱ्याच वर्षी त्याच रिंगणातल्या अकरा बायांनी दूध संस्था काढली. पहिली चेअरमन तुळजाबाई. अण्णा वीस वर्षं सायकलवर दुधाचे कॅन बांधून डेअरीत पोचवत राहिले. गहिनीनाथ जनावरं पारखून द्यायचा. आज संस्थेत चारशे घरं आहेत, दूध थंड करायची आपली टाकी आहे, संचालक मंडळ सगळं बायांचं आहे. आणि आमच्या वाडीचा कागदही झाला, पंधरा घरांचा, सत्त्याऐंशी साली.

पंधरा घरं म्हटल्यावर तुला उमगलं असेल. अर्ज मी लिहिला होता. ते मोत्याचं अक्षर माझं. सुकडीच्या लेकरांची यादी मी रोज अण्णांच्या हाती द्यायची, त्यामुळं कागद पाहताक्षणी त्यांनी ते ओळखलं होतं. मी त्यांच्याकडं गेले होते, हजेरी गेल्यानंतर. मी म्हणाले, स्वतः जाऊन सांगते. ते म्हणाले, "बाई, तुमी शिक्षण पुरं करा. गावाला लिहिणारं माणूस लागतं." मी ते पुरं केलं, आणि बबनरावांच्याच शाळेत नोकरीला लागले, आणि तुला शिकवलं. तोवर भीती होती. वाडीचा कागद झाला तेव्हा भीती संपली. बबनराव गेले तेव्हा कारणही संपलं. त्यानंतरची वर्षं मी नुसती सोय पाहिली, भारत. तू सुट्टीला यायचास, बापाशी दोन शब्द बोलून निघून जायचास, आणि मी तुला लाडू बांधून द्यायची. याची माफी मागते. अण्णांनी मला शब्दानं बांधलं नव्हतं. मीच बोलले नाही.

कार्यक्रम पंचवीस तारखेला दुपारी आहे. भाषण मला करायचं आहे, आणि त्यात मी हे सगळं माइकवरून सांगणार आहे, चारशे घरांसमोर. अण्णांना ठाऊक नाही. ठाऊक झालं तर ते येणारच नाहीत. ब्याऐंशीचे झालेत, काठी घेऊन पुढच्या रांगेत बसतील, शेजारची खुर्ची मी रिकामी ठेवायला सांगितली आहे. पण ही गोष्ट माइकवरून तुझ्या कानावर यावी हे बरं नाही. ज्याचं वर्ष गेलं, त्याला ती आधी कळायला हवी, म्हणून हे पत्र. तू ये किंवा न ये, मी बोलणारच. बावन्न वर्षं त्यांनी माझं नाव घेतलं नाही. आता मी त्यांचं घेणार आहे.

तुझीच,
मनकर्णा मावशी